'कापूस' शोधला, 'कापसाच्या गाठी' का दिसल्या नाहीत?
डेटाबेसमध्ये शब्दाची सगळी रूपे शोधण्याबद्दल: नागपुरातील आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

कळमन्याच्या आडत्यांपासून इतवारीतल्या ठोक दुकानदारांपर्यंत, मराठीत शेरे लिहिणाऱ्या जवळपास सगळ्या ग्राहकांची ही तक्रार असते. पावती प्रणालीत असते, पण शोधात येत नाही. नोंद गहाळ झालेली नसते. फुल टेक्स्ट इंडेक्स, म्हणजे मजकुरातल्या शब्दांची शोधसूची, शेऱ्यातला शब्द जसा लिहिला तसाच साठवतो आणि त्याच्या लेखी 'कापूस' व 'कापसाच्या' हे दोन वेगळे शब्द आहेत.

इंग्रजीसाठी ही सोय तयार मिळते. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये कंटेन्स या शोध-आज्ञेसोबत फॉर्म्स-ऑफ इन्फ्लेक्शनल (शब्दाची रूपे) वापरले की 'ड्राइव्ह'बरोबर 'ड्रोव्ह', 'ड्रिव्हन' हीसुद्धा सापडतात. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये हिंदीची मांडणी (भाषेनुसार शब्द हाताळण्याची सेटिंग) आवृत्ती १४ पासून आहे, मराठीची मात्र सोबत येत नाही. एसक्यूएल सर्व्हरच्या भाषायादीत मराठी ११०२ या क्रमांकावर आहे. तरी त्यावर विसंबण्याआधी एसवायएस डॉट डीएम-एफटीएस-पार्सर या तपासणीच्या फंक्शनला तुमच्या धंद्यातले दहा-वीस शब्द देऊन तो कोणती रूपे काढतो ते डोळ्यांनी पाहा. ही चाचणी चालवायला सिस-ॲडमिन (सर्व्हरच्या प्रशासकाचे) अधिकार लागतात.

खात्रीचा उपाय म्हणजे शब्दाच्या सुरुवातीवरून शोध. 'संत्र' लिहून पुढे तारांकन (*) दिले की संत्रा, संत्री, संत्र्यांची सगळे येते. कापसाचे तसे नाही. प्रत्यय लागताना मधला ऊकार गळतो, म्हणून 'कापूस*' किंवा 'कापस*' अशी दोन्ही अंगे (शब्दाची सुरुवातीची रूपे) द्यावी लागतात. नुसते 'काप*' देऊ नका: कापड, कापणी, कापूर सगळे गोळा होते आणि कापडाच्या दुकानात तर यादी निरुपयोगी होते. असेच गहू आणि गव्ह, तांदूळ आणि तांदळ, पाऊस आणि पावस, विहीर आणि विहिर. शब्दात दीर्घ ई किंवा ऊ दिसला की त्याला प्रत्यय लावून पाहा. रूप बदलले तर दुसरे अंग यादीत घाला.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये इथे दोन गोष्टी हमखास चुकतात. तारांकनासह शब्द दुहेरी अवतरणात नसेल तर तारांकन साधे चिन्ह मानले जाते आणि शोध रिकामा येतो. आणि मजकुराआधी एन हे अक्षर राहिले तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हे जातात. शब्दाच्या शेवटावरून शोध फुल टेक्स्टमध्ये होत नाही. लाइक ही आज्ञा आणि टक्केचिन्हाने (%) होतो, पण सुरुवातीला टक्केचिन्ह असले की साधा इंडेक्स कामी येत नाही आणि सगळी टेबल वाचली जाते.

पोस्टग्रेसमध्ये आम्ही सिम्पल (शब्द जसाच्या तसा ठेवणाऱ्या) मांडणीला समानार्थी कोश जोडतो. टीसर्च-डेटा फोल्डरमध्ये एसवायएन विस्ताराची, यूटीएफ-८ मधली फाइल ठेवायची आणि ओळीला एक जोडी लिहायची: 'कापसाला कापूस', 'कापसाचा कापूस'. आपल्याकडची 'पऱ्हाटी'ही (कापसाचे झाड) इथेच कापसाला जोडता येते. फाइल बदलल्यावर आधी उघडलेली सत्रे जुनाच कोश वापरतात, म्हणून नव्याने जोडणी करा आणि जुन्या नोंदींचे टीएस-व्हेक्टर (शोधासाठी साठवलेली शब्दयादी) पुन्हा बनवा. साठवताना एक मांडणी आणि शोधताना दुसरी, ही इथली सर्वांत मोठी चूक. शब्दाला कोणता कोश लागला ते दाखवणाऱ्या टीएस-डीबगने ती लगेच पकडता येते.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये हेच काम थिसॉरसची (समानार्थी शब्दांची) एक्सएमएल फाइल करते. ती युनिकोडमध्ये, बाइट ऑर्डर मार्कसह (फाइलच्या सुरुवातीची एन्कोडिंगची खूण) जतन करा आणि नंतर फाइल पुन्हा लोड करण्याची प्रोसिजर भाषेचा क्रमांक देऊन चालवा.

मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये रूपे ओळखण्याची सोय नाही, बूलियन मोडमध्ये (चिन्हे वापरून शोधण्याच्या पद्धतीत) तारांकन तेवढे आहे. इनोडीबी (त्यातला माहिती साठवणारा भाग) तीन अक्षरचिन्हांहून लहान शब्द मुळात इंडेक्समध्ये घेत नाही. त्यामुळे 'खत' शोधून काहीच मिळत नाही. किमान लांबीची सेटिंग २ करा, सर्व्हर पुन्हा सुरू करा आणि इंडेक्स नव्याने बांधा; यातली एकही पायरी गाळली तर फरक पडत नाही. इंडेक्समधले शब्द इनोडीबी-एफटी-इंडेक्स-टेबलमध्ये दिसतात. तिथे शब्द मात्रेपाशी तुटलेले दिसले तर एनग्राम पार्सर (मजकूर ठरावीक लांबीच्या तुकड्यांत तोडणारा) वापरा.

'पऱ्हाटी' शब्दातच आणखी एक खाच आहे. त्यातला अर्धा र कुणी ऱ आणि हलंताने टाइप करते, कुणी र, हलंत आणि अदृश्य जोडचिन्हाने. पडद्यावर दोन्ही सारखे, डेटाबेसला मात्र वेगळे. पोस्टग्रेसचे नॉर्मलाइझ हे फंक्शन ही दोन रूपे एकत्र आणत नाही. नोंद साठवताना आणि शोधताना दोन्हीकडे बदली करून एकच रूप ठेवा. 'संत्रा' आणि 'सन्त्रा' यांनाही हेच लागू.

एवढे करूनही आत्ताच टाकलेली पावती दिसत नसेल तर घाई करू नका. एसक्यूएल सर्व्हर फुल टेक्स्ट इंडेक्स मागाहून भरतो. बदलांची नोंद स्वयंचलित ठेवली तरी थोडा वेळ जातो. ती हाताने चालवायची (मॅन्युअल) ठेवली असेल तर कुणीतरी आज्ञा दिल्याशिवाय नवी पावती शोधात येणारच नाही.

आमच्याकडून ही मांडणी करून घ्यायची असल्यास तुमच्या मालाची नावे, प्रत्येकाची बोलीतली नावे आणि गेल्या हंगामातले शे-दोनशे खरे शेरे आहेत तसे, शुद्धलेखन न सुधारता द्या.