घळीतून आणलेलं पाणी: थॉमस कॅलनच्या पदकामागचा इतिहास

थॉमस कॅलन या आयरिश शिपायाला 1876 च्या लिटल बिगहॉर्नच्या लढाईसाठी अमेरिकेचं 'मेडल ऑफ ऑनर' हे सर्वोच्च लष्करी शौर्यपदक मिळालं. त्याच्या नावापुढे कारणं दोन नोंदवली आहेत. जखमी सोबत्यांसाठी स्वतःहून पुढे होऊन पाणी आणलं, हे एक. 'इंडियनांना', म्हणजे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांना, 'हुसकावून लावण्यात' चांगली कामगिरी केली, हे दुसरं. पहिलं कारण वाचताना ऊर भरून येतो आणि दुसऱ्यापाशी मी अडखळतो. हुसकावलं, पण कोणाच्या जमिनीवरून?

कॅलनचा जन्म 1853 सालचा, आयर्लंडच्या लाउथ काउंटीतला. तेव्हा बटाट्याच्या दुष्काळाला ओहोटी लागून जेमतेम वर्ष झालं होतं. 1845 ते 1852 या काळात तिथे सुमारे दहा लाख माणसं भुकेने आणि साथींनी दगावली आणि तितक्यांनीच, किंबहुना थोड्या अधिकांनी, देश सोडला. नुसता बटाटा कुजला म्हणून हे घडलं नाही. जमिनी जमीनदारांच्या, कसणारी कुळं; खंड थकला की घराचं छप्पर उतरवून कुटुंबाला रस्त्यावर काढायचे. त्याच वर्षांत धान्य आणि जनावरं जहाजांत भरून बाहेर जात होती.

अमेरिकेत पोचलेल्या आयरिश पोरांसाठी सैन्य ही हुकमी नोकरी होती. 1873 च्या मंदीनंतर तर जास्तच. महिना तेरा डॉलर पगार, अंगावर कपडे, दोन वेळचं जेवण, पाच वर्षांचा करार. कॅलन बॉस्टनला भरती झाला आणि सातव्या घोडदळाच्या 'बी' कंपनीत साधा शिपाई म्हणून गेला. त्या रेजिमेंटमध्ये दहांतले चारेक जण परदेशात जन्मलेले होते. आयरिश आणि जर्मन सर्वांत जास्त.

या रेजिमेंटला 1876 मध्ये ज्या मोहिमेवर धाडलं, तिचं मूळ सोन्यात होतं. 1868 च्या फोर्ट लॅरामी तहाने ब्लॅक हिल्सचा डोंगराळ मुलूख लाकोटा या तिथल्या मूळ रहिवाशांचा म्हणून मान्य झाला होता. 1874 मध्ये सातव्या घोडदळाचा अधिकारी कस्टर याची तुकडी तिथे गेली, सोनं सापडल्याची बातमी आली आणि खाणवाल्यांची रीघ लागली. सरकारने फर्मान काढलं: 31 जानेवारी 1876 पर्यंत बाहेर राहणाऱ्या सगळ्या लाकोटांनी सरकारने नेमून दिलेल्या राखीव वस्त्यांवर हजर व्हावं. जे आले नाहीत ते शत्रू ठरले. ऐन हिवाळ्यात बायकामुलांसह कोण निघणार होतं?

25 जून 1876. मोंटानातली लिटल बिगहॉर्न नदी, तिच्या काठी लाकोटा आणि शायेन लोकांची प्रचंड वस्ती. कस्टर आणि त्याच्यासोबतचे दोनशेहून अधिक लोक त्या दिवशी संपले. चार मैलांवरच्या दुसऱ्या टेकडीवर रेनो आणि बेंटीन या त्याच रेजिमेंटच्या अधिकाऱ्यांच्या हाताखाली साडेतीनशेच्या आसपास माणसं वेढली गेली. सामानाच्या खेचरांबरोबर मागून आलेली 'बी' कंपनी त्यांतच होती.

दुसऱ्या दिवशीचं ऊन भयंकर होतं. टेकडीवर पाण्याचा टिपूस नाही. पन्नासेक जखमी मधल्या खळग्यात, खेचरांच्या आडोशाला पडलेले, आणि डॉक्टर एकटा पोर्टर उरलेला. नदी खाली डोळ्यांना दिसत होती. एका घळीतून काठाच्या जवळ जाता येई. शेवटचा टप्पा मात्र उघडा आणि पलीकडच्या झुडपांत बंदुका. माणसं पाण्याच्या बाटल्या आणि स्वयंपाकाची पातेली घेऊन घळीतून उतरायची, तेवढी उघडी जागा धावत ओलांडायची, पातेलं नदीत बुडवायचं की परत आडोशाला. मग त्या पातेल्यातून बाटल्या भरायच्या. चार नेमबाज टेकडीच्या कडेवर मुद्दाम उभे राहिले, गोळ्या आपल्याकडे याव्यात म्हणून. हे मी कितीदा वाचलं तरी अंगावर काटा येतो.

या लढाईसाठी चोवीस पदकं दिली गेली. बहुतेक 1878 मध्ये. कॅलनचं पदक आलं 24 ऑक्टोबर 1896 रोजी, तब्बल वीस वर्षांनी. त्या दशकात जुन्या लढायांमधले शिपाई अर्ज करत आणि पदकं मंजूर होत. 1897 मध्ये पुराव्याचे नियम कडक झाले. आयर्लंडमध्ये जन्मलेल्या अडीचशेहून अधिक जणांना आजवर हे पदक मिळालंय. परदेशात जन्मलेल्यांत एवढा आकडा दुसऱ्या कुठल्याच देशाचा नाही.

पण पदकाच्या यादीत सगळं मावत नाही. याच सातव्या घोडदळाने डिसेंबर 1890 मध्ये दक्षिण डाकोटातल्या वूंडेड नी इथे दीडशेहून अधिक लाकोटांना मारलं, त्यांत बायकामुलं पुष्कळ, आणि त्याबद्दलही हेच पदक वीसेक जणांना दिलं. ती पदकं परत घ्यावीत अशी लाकोटांची मागणी आहे. पाण्याच्या पातेल्यामागे धावलेल्या माणसाला आणि त्या कत्तलीत असलेल्याला एकच फीत मिळावी, हे मला पटत नाही.

कॅलन 1908 मध्ये वारला. त्या घळीत उतरलेला आणखी एक आयरिश होता, खोगीर बनवणारा मायकेल मॅडन. गोळीने त्याच्या पायाचं हाड मोडलं आणि टेकडीवरच पाय कापावा लागला. पुढे त्याला सार्जंटचा हुद्दा मिळाला. पदक नाही.