बर्गंडी स्ट्रीटचा जॉर्ज : एका क्लॅरिनेटवादकाच्या आठवणींमागचा इतिहास

जॉर्ज लुईसचं नाव काढलं की हळवी होणारी माणसं लंडनला भेटतात, ओसाकाला भेटतात. जाझमधले थोर क्लॅरिनेटवादक म्हटलं की बेनी गुडमन, आर्टी शॉ, सिडनी बेशे ही नावं आधी येतात, आणि ते रास्तच आहे. त्यांच्या बोटांतली सफाई जॉर्जकडे नव्हती. त्याला स्वरलिपी वाचता येत नव्हती. सूर कधी जरासा चढायचा, कधी फुंक कमी पडायची. तरी गुडमनबद्दल लोक आदरानं बोलतात आणि जॉर्जबद्दल घरातल्या काकाबद्दल बोलावं तसं. असं का, याचं उत्तर शोधायला न्यू ऑर्लिन्सच्या गोदीपर्यंत जावं लागतं.

जॉर्जचा जन्म १३ जुलै १९०० चा, त्या शहराच्या फ्रेंच क्वार्टर या जुन्या वस्तीतला. आई अ‍ॅलिस झेनो लोकांच्या घरी कामाला जायची. ती फ्रेंच बोलायची, आणि सेनेगलहून गुलाम म्हणून आणलेल्या पूर्वज बाईकडून घरात झिरपत आलेले वोलोफ भाषेतले काही शब्दही तिला येत. गुलामगिरी कायद्यानं संपून तेव्हा जेमतेम पस्तीस वर्षं झाली होती. लहानपणी आईनं खेळण्यातलं व्हायोलिन आणायला पैसे दिले, दुकानात ते संपलेलं होतं म्हणून पोरगा पत्र्याची बासरी घेऊन आला, अशी गोष्ट सांगतात. पहिली क्लॅरिनेट सोळा-सतराव्या वर्षी हातात आली. शिकवायला कुणी नव्हतं.

हे जरा विशेष आहे, कारण त्या शहरात क्लॅरिनेटचे गुरू होते. टिओ घराण्यातल्या उस्तादांनी क्रिओल (फ्रेंच वळणाच्या, मिश्र वंशाच्या) मुलांच्या पिढ्या कागदावरचं संगीत वाचायला लावून घडवल्या होत्या. जॉर्ज त्यांच्याकडे गेला नाही. रस्त्यावरून जाणारे बँड ऐकायचे, घरी येऊन तोच सूर बोटांनी चाचपडत शोधायचा, ही त्याची शाळा. आपल्याकडे अशा माणसाला ‘कानावर शिकलेला’ म्हणतात, आणि त्यात थोडी तुच्छता असते, थोडं कौतुकही. जॉर्जच्या वाट्याला जन्मभर दोन्ही आलं.

बँडवाल्याचं काम तेव्हा कसलंही असे. रविवारची सहल, अंगणातली मेजवानी, घोडागाडीवर बसून कुठल्याशा नाचाची जाहिरात, आणि अंत्ययात्रा. गोव्यात किंवा वसईकडे ख्रिस्ती अंत्ययात्रेपुढे बँड चालताना ज्यांनी पाहिला आहे त्यांना यातलं निम्मं चित्र ओळखीचं वाटेल. दफनभूमीकडे जाताना तिथेही संथ भजनं वाजत. वेगळेपण परतीच्या वाटेवर. शव मातीआड झालं की ढोलाच्या कातडीवरचा रुमाल काढायचा, ठेका बदलायचा आणि मागून येणाऱ्या लोकांनी छत्र्या, रुमाल नाचवत निघायचं. या मागच्या गर्दीला तिथे ‘सेकंड लाइन’ म्हणतात. अशा ब्रास बँडमध्ये छोट्या, चढ्या आवाजाच्या क्लॅरिनेटचं काम ट्रम्पेटांच्या गलक्यावरून तरंगत राहण्याचं. उघड्या रस्त्यावर, घामाघूम होत, तासन्‌तास. जॉर्जच्या सुरात जो रुदनाचा आणि उत्सवाचा एकत्र वास येतो तो या रस्त्यांवरचा आहे, असं मला वाटतं.

१९३१ च्या सुमारास तो इव्हान थॉमस या ट्रम्पेटवाल्याच्या बँडबरोबर लुइझियानाच्या ग्रामीण भागात फिरत होता. त्याच बँडमध्ये बंक जॉन्सन नावाचा जुना ट्रम्पेटवाला होता. रेन नावाच्या गावी कार्यक्रम चालू असताना एक माणूस सुरा घेऊन मंचावर चढला आणि त्यानं थॉमसचा खून केला. त्या धुमाळीत बंकचं वाद्यही गेलं. बँड तिथेच मोडला. जॉर्ज न्यू ऑर्लिन्सला परतला तेव्हा महामंदी ऐन भरात होती. बोलपटांनी थिएटरातले वाद्यवृंद घालवले होते, आणि नव्या पिढीला मोठ्या, गणवेशातल्या स्विंग (नाचायला वाजवलं जाणारं तेव्हाचं लोकप्रिय जाझ) बँडची चटक लागली होती. जॉर्ज गोदीत हमाली करू लागला. दिवसा बोटीवरचा माल, रात्री कुठे बोलावणं आलं तर क्लॅरिनेट.

गंमत म्हणजे (गंमत कसली!) याच वर्षांत कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांना आपल्या मुंबईत मान होता. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी आपला वाद्यवृंद घेऊन ताजमहाल हॉटेलात आला, पाठोपाठ क्रिकेट स्मिथ आणि टेडी वेदरफर्ड आले. नामवंत बँडप्रमुख ड्यूक एलिंग्टनकडे वाजवून आलेला क्लॅरिनेटवादक रूडी जॅक्सनही त्या मंडळींत होता. त्यांच्याशी खांद्याला खांदा लावून गोव्याच्या वादकांनी जाझ उचललं. जॉर्जला मात्र परदेश सोडाच, स्वतःच्या शहराबाहेर कुणी विचारत नव्हतं. मागे राहिला तो.

पण मागे राहण्याचाच पुढे उपयोग झाला. १९३८-३९ च्या सुमारास काही अमेरिकन अभ्यासक जाझच्या उगमाचा शोध घेऊ लागले. जुन्या वादकांकडे चौकशी करता करता त्यांना न्यू आयबेरिया गावात बंक जॉन्सनचा पत्ता लागला. तो शेतावर राबत होता. ना वाद्य, ना तोंडात दात, आणि दातांवाचून ट्रम्पेट वाजत नाही. वर्गणी काढून त्याला वाद्य दिलं गेलं. कवळी बसवली ती सिडनी बेशेच्या दंतवैद्य भावानं. जून १९४२ मध्ये काही संग्राहक ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन न्यू ऑर्लिन्सला आले आणि वाद्यांच्या एका दुकानाच्या तिसऱ्या मजल्यावर त्यांनी बंकचा बँड मुद्रित केला. क्लॅरिनेटला बसवला होता गोदीकामगार जॉर्ज. त्याचं वाद्य तारा आणि रबर गुंडाळून कसंबसं धरून ठेवलेलं होतं, असं सांगतात. ऐकताना ते जाणवत नाही.

या संग्राहकांत बिल रसेल हा मुख्य माणूस. स्वतः व्हायोलिनवादक आणि आधुनिक संगीताचा रचनाकार, पण न्यू ऑर्लिन्सच्या वेडानं बाकी सगळं सोडलेला. त्याच्या पिढीच्या रसिकांना स्विंग म्हणजे बाजारूपणा वाटे. त्यांना ‘अस्सल’ हवं होतं, हात न लागलेलं. त्या अस्सलपणाच्या कल्पनेत बराच भाबडेपणा होता, हे म्हटलंच पाहिजे. न्यूयॉर्कमध्ये त्याच वर्षांत बीबॉप हे नवं, वेगवान जाझ जन्माला येत होतं आणि इथे बेचाळिशीतल्या गृहस्थाला प्राचीन अवशेषासारखं जपलं जात होतं. जॉर्ज अवशेष नव्हता. तो दर शनिवारी कुणाच्या तरी नाचाला वाजवणारा चालता-बोलता वादक होता. पण हा भाबडेपणा नसता तर पुढची तबकडीही नसती.

जुलै १९४४. गोदीत काम करताना जॉर्जची छाती चिरडली होती आणि तो घरी पडून होता. सेंट फिलिप स्ट्रीटवरच्या त्या घरी, झोपायच्या खोलीतच, रसेलनं यंत्र लावलं. सोबत दोघेच : बँजोवर लॉरेन्स मारेरो, डबल बासवर अ‍ॅल्साइड पॅव्हजो, ज्याला सगळे ‘स्लो ड्रॅग’ म्हणत. ना ट्रम्पेट, ना ढोल. अशा तिघांनी वाजवलेला एक संथ ब्लूज (कृष्णवर्णीय अमेरिकनांचा, ठरीव चौकटीतला दुःखाच्या गाण्याचा प्रकार) म्हणजे ‘बर्गंडी स्ट्रीट ब्लूज’. बर्गंडी हा त्याच वस्तीतला रस्ता. तिथली माणसं त्याचा उच्चार करताना मधल्या ‘गं’वर जोर देतात, त्यावरून स्थानिक आणि पाहुणा ओळखता येतो.

ती तबकडी ऐकताना पहिल्यांदा बँजोकडे लक्ष द्यावं. मारेरो काहीही करत नाही. ठोक्यामागून ठोका, रात्रपाळीच्या पहारेकऱ्यासारखा चालत राहतो. त्याच्यावर क्लॅरिनेट खालच्या, लाकडी आवाजात सुरुवात करते, वर चढते, एखादा स्वर कापरा करून सोडून देते. ब्लूजची चौकट तीच, पण जॉर्ज तिच्यात करामती भरत नाही, एक चाल गुणगुणतो आणि प्रत्येक फेरीला ती थोडी बदलतो. दुखऱ्या छातीचा माणूस जपून फुंकणार, म्हणून ती इतकी हळुवार झाली असेल का? मला हा विचार सोडवत नाही. खोलीत तिघे वादक, एक यंत्र आणि यंत्रामागे रसेल. त्यामुळे ऐकणाऱ्यालाही आपण खाटेशेजारी बसलो आहोत असं वाटतं. पुढच्या वर्षी, मे १९४५ मध्ये, याच घराच्या परसात रसेलनं बंकचा ब्रास बँड मुद्रित केला. रस्त्यावर अर्धं शतक वाजत आलेलं हे संगीत तबकडीवर प्रथम उतरलं ते असं, परसदारी.

१९४५ च्या सप्टेंबरात बंक आणि जॉर्जचा बँड न्यूयॉर्कच्या स्टायव्हसंट कसिनो या नाचाच्या हॉलात वाजवायला गेला आणि शहरातले लेखक, चित्रकार, विद्यार्थी तिथे लोटले. बंक तऱ्हेवाईक होता, कुरबुरी झाल्या, आणि पुढच्या वर्षी मंडळी घरी परतली. आता बँड जॉर्जच्या नावानं चालू लागला. १९५० मध्ये ‘लुक’ पाक्षिकानं न्यू ऑर्लिन्सच्या जाझवर सचित्र लेख छापला. त्यासाठी जॉर्जची छायाचित्रं काढणारा बाविशीतला तरुण होता, पुढे चित्रपट दिग्दर्शक म्हणून गाजलेला स्टॅन्ली क्युब्रिक.

आणि इंग्लंड. तबकड्या तिथे युद्धानंतर पोचल्या होत्या, वादक नव्हते. दोन्ही देशांतल्या वादक संघटनांच्या भांडणामुळे अमेरिकन बँडना ब्रिटनमध्ये वाजवायची जवळजवळ बंदीच होती. मग केन कॉलियर नावाच्या तरुणानं उलटा रस्ता धरला. ट्रम्पेट घेऊन तो व्यापारी जहाजावर खलाशी म्हणून भरती झाला, अलाबामातल्या मोबील बंदरात जहाज सोडून पळाला आणि १९५२ च्या शेवटी न्यू ऑर्लिन्समध्ये जॉर्जच्या मंडळींसोबत वाजवू लागला. व्हिसाची मुदत संपली, तुरुंगात बसावं लागलं, परत पाठवलं गेलं. अमेरिकेतून त्यानं लिहिलेली पत्रं लंडनच्या ‘मेलडी मेकर’ या संगीताच्या साप्ताहिकात छापून आली तेव्हा हौशी वादकांनी ती पोथीसारखी वाचली. कॉलियरच्या बँडमध्ये १९५४ साली आलेला अ‍ॅकर बिल्क हा सॉमरसेटचा गडी सुएझच्या लष्करी छावणीत क्लॅरिनेट शिकला होता, आणि सुरुवातीला त्याच्यासमोर आदर्श होता तो जॉर्जचाच. पुढे १९६२ मध्ये बिल्कची तबकडी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. जॉर्जच्या कुठल्याही तबकडीच्या नशिबी ते नव्हतं.

संघटनांचं भांडण मिटल्यावर, १९५७ मध्ये, जॉर्ज एकटाच इंग्लंडला आला आणि कॉलियरच्या गोऱ्या पोरांबरोबर गावोगावी वाजवत फिरला. आदल्याच वर्षी लुइझियाना राज्यानं गोऱ्या-काळ्यांनी एकत्र मनोरंजनाचे कार्यक्रम करण्यावर कायद्यानं बंदी घातली होती. म्हणजे ज्या संगीताचा त्याच्या गावाला अभिमान, ते या मुलांबरोबर वाजवणं त्याच गावात गुन्हा ठरलं असतं. इंग्लंडमध्ये त्याच्यासाठी सभागृहं भरत होती. अंगकाठी बारीक, बोलणं हळू, आणि आपल्यापेक्षा बऱ्याच कमी कुवतीच्या पोरांच्या बँडमध्येही तो नाराजी न दाखवता वाजवे. १९५९ मध्ये तो स्वतःचा बँड घेऊन पुन्हा गेला. आज तिकडच्या म्हाताऱ्या रसिकांच्या आठवणी उगवतात त्या या दोन दौऱ्यांतून. त्यांनी त्याला तबकडीवरून ओळखलं होतं, मग तो समोर आला आणि तबकडीसारखाच निघाला.

१९६१ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या सेंट पीटर स्ट्रीटवर प्रिझर्व्हेशन हॉल हे जुन्या जाझच्या मैफिलींचं ठिकाण सुरू झालं. पंखा नाही, दारू नाही, बाकडी आणि जमिनीवरच्या गाद्या. जॉर्जला हक्काची जागा मिळाली. १९६३, ६४ आणि ६५ अशी सलग तीन वर्षं तो जपानला गेला. कामगारांच्या संगीतमंडळानं हे दौरे घडवले, हे गोदीकामगाराच्या बाबतीत शोभूनच दिसतं. त्याला ऐकलेल्यांपैकी योशिओ तोयामा हा वासेदा विद्यापीठातला ट्रम्पेट वाजवणारा मुलगा १९६८ मध्ये बायकोला घेऊन थेट न्यू ऑर्लिन्सला राहायलाच गेला.

त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबरला, जॉर्ज गेला. ज्या रस्त्यांवर त्यानं आयुष्यभर इतरांना पोचवलं तिथूनच ब्रास बँड वाजवत त्याला नेलं. मारेरो आधीच, १९५९ मध्ये, गेला होता. स्लो ड्रॅग जॉर्जमागून तीन आठवडेही राहिला नाही.

‘बर्गंडी स्ट्रीट ब्लूज’ मात्र वाजतोय. पारंपरिक जाझ वाजवणारा क्लॅरिनेटवाला कुठल्याही देशातला असो, कधी ना कधी तो या चालीपाशी येतो, आणि बहुतेक जण १९४४ च्या तबकडीतला जॉर्जचा वळसान्‌वळसा उचलतात. त्यासाठी कुणीकुणी ती स्वरलिपीत उतरवून घेतली आहे आणि नवशिके तो कागद समोर ठेवून सराव करतात. जॉर्जच्या हाती तो दिला असता तर त्याला त्यातली एक ओळही वाचता आली नसती.