लिंबू भट्टीवर नको, मातीवर पिळा

गेल्या ज्येष्ठात हौसेने सहा वाट्या भाजून आणल्या. माती नगर जिल्ह्यातल्या मामाच्या शेतातली, काळी, लोण्यासारखी मऊ. भट्टी ओळखीतल्या एकाची, विजेवरची. 900 अंश सेल्सिअसपर्यंत तापवली. वाट्या अशा खणखणीत निघाल्या की टिचकी मारली तरी नाद यायचा. आठवड्याने पाऊस लागला आणि फडताळात नुसत्या ठेवलेल्या वाट्यांचे टवके उडायला लागले. मामी म्हणाली, "दृष्ट लागली. भट्टी लावताना लिंबू-मिरची बांधायची असते, बाबा."

भिंग घेऊन पाहिलं. टवका उडालेल्या प्रत्येक खळग्याच्या तळाशी एक पांढरा ठिपका, मोहरीपेक्षाही लहान. नखाने खरवडला तर पीठ. दृष्ट पांढरी असते असं मी कधी ऐकलं नव्हतं.

तो ठिपका चुनखडीचा. काळी माती बेसॉल्टच्या खडकातून आली आणि त्या खडकात कॅल्शियम भरपूर. कोकणात वर्षाला 2500 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तो कॅल्शियम धुऊन नेतो आणि मागे लोह-अ‍ॅल्युमिनियमवाला जांभा उरतो. नगरकडे पाऊस 500-600 मिलिमीटरचा. कॅल्शियम तिथेच थोडं खाली झिरपतं आणि चुनखडीचे खडे होऊन बसतं.

आता माझा आवडता भाग. खडा म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. भट्टीत 800-900 अंशांना त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, उरतो कळीचा चुना. त्यावर पाणी टाकलं की तो कसा तापतो, फुलतो, हे जुन्या गवंड्यांना विचारा. वाटीच्या भिंतीत नेमकं हेच होतं, फक्त पाणी कुणी ओतत नाही. पावसाळी हवेतलं बाष्प छिद्राछिद्रांतून आत शिरतं. 56 ग्रॅम कळीचा चुना 18 ग्रॅम पाणी घेतो आणि 74 ग्रॅम विरलेला चुना होतो. भरीव धरला तर आधी त्याने सुमारे 17 घन सेंटिमीटर जागा व्यापलेली असते, नंतर 33. जवळजवळ दुप्पट!

इथे कुणी खोड काढेल: कार्बन डायऑक्साइड गेल्यावर खड्यात पोकळी राहते, मग फुगलेला चुना तिच्यातच का मावत नाही? कारण नवे स्फटिक शहाण्यासारखे पोकळ्या शोधत वाढत नाहीत. ते जिथे तयार होतात तिथेच वाढतात, एकमेकांना रेटतात आणि तो रेटा भिंतीवर येतो. भाजलेली माती दाब सोसते, ताण सोसत नाही. मग टवका उडतो.

गंमत म्हणजे तेवढाच चुना मैद्यासारखा बारीक पसरलेला असेल तर भांड्याला काही होत नाही. दोष खड्याचा. म्हणून तर कुंभार माती भिजवून, खडे काढून, गाळून घेतात. जास्त भाजली तर चुना सिलिकाशी जखडला जातो हे खरं, पण तेवढ्या आचेला काळी माती स्वतःच फुगून बेढब व्हायला लागते.

तेव्हा मामीचं लिंबू कामाचंच आहे, फक्त जागा चुकली. वाळलेली माती कुटा, वर लिंबू पिळा, कान जवळ न्या. फसफस ऐकू आली तर चुनखडी आहे. नमुना एकाच जागेचा नको, वरचा आणि हातभर खालचा वेगवेगळा घ्या. वर गप्प असलेली माती खाली बोलते.

"जितकी चिकट तितकी भांड्याला चांगली" हाही एक गैरसमज. काळ्या मातीतलं माँटमोरिलोनाइट हे खनिज आपल्या पापुद्र्यांमध्ये पाणी घेऊन फुगतं आणि वाळताना तितकंच आकसतं. चिनी मातीतलं खनिज केओलिनाइट, त्याचे पापुद्रे मात्र एकमेकांना घट्ट धरून असतात, पाण्याला मध्ये शिरू देत नाहीत. प्रयोगशाळा नको, ओल्या मातीच्या पट्टीवर 10 सेंटिमीटरची रेघ ओढा आणि वाळल्यावर मोजा.

यंदा मामाच्या विहिरीच्या गाळातली माती आणली. लिंबाला गप्प! पण रेघ 8.8 सेंटिमीटरवर आली आणि पट्टी मधोमध तडकली. आता तिच्यात एक तृतीयांश बारीक वाळू कालवून दुसरी पट्टी गॅलरीत सावलीला ठेवली आहे. मामी रोज येता-जाता तिच्याकडे बघते.