गुटी, आजी आणि आशाताईंची परीक्षा

तीन दिवसांचं बाळ, खाटेवर बाळंतीण आणि सहाणेवर गुटी उगाळणारी आजी. गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या, म्हणजे आशाताई, दारातून आत येतात. पहिले सहा महिने बाळाला काय द्यावं, हा प्रश्न लेखी परीक्षेत आला तर त्यांना पैकीच्या पैकी गुण मिळतील. फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही. इथे मात्र प्रश्न कुणी विचारलेलाच नाही आणि आजीची स्वतःची चार मुलं गुटीवरच वाढलेली आहेत. पुढच्या दहा मिनिटांत आशाताई काय बोलतात, किती गप्प बसतात, त्यात त्यांचं कसब आहे. ते मोजायचं कसं?

गृहभेटींनी जीव वाचतात यात शंका नाही. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. त्यातून बालमृत्यू कसे घटले, हे १९९९ साली जगासमोर आलं. पुढे अशा भेटी आशांच्या कामाचा भाग झाल्या. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी ४२ दिवसांत सहा भेटी. भेट झाली की फॉर्मवर खूण होते, पण त्या भेटीत बोलणं कसं झालं हे फॉर्मला कळत नाही.

जॉर्ज मिलर या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाने १९९० मध्ये कौशल्याचे चार मजले सांगितले. माहीत असणं, कसं करायचं ते माहीत असणं, करून दाखवता येणं आणि रोजच्या कामात खरोखर करणं. शिबिराच्या आधी आणि नंतर तीच प्रश्नपत्रिका सोडवून घेण्याची आपल्याकडची पद्धत तळमजला सोडत नाही. मग सोपा उपाय म्हणून कार्यकर्तीलाच विचारलं जातं, ‘आता जमतं का?’

इथे दुसरे मिलर येतात, विल्यम. (आडनाव सारखं, नातं काही नाही.) समोरच्याला उपदेश न करता त्याच्याच तोंडून बदलाची कारणं वदवून घेण्याची संवादपद्धत त्यांनी १९८३ मध्ये मांडली. २००१ मध्ये त्यांनी कॅथलीन माउंट यांच्यासोबत स्वतःच्याच कार्यशाळेची परीक्षा घेतली. शिकणाऱ्यांत शिक्षा झालेल्यांवर देखरेख ठेवणारे अधिकारी होते. दोन दिवसांनंतर त्यांना वाटलं, आपण खूपच सुधारलो. आधीच्या आणि नंतरच्या संभाषणांच्या टेप ऐकल्या तर फरक थोडासाच होता. आणि ज्यांच्याशी ते बोलत होते, त्यांच्या बोलण्यात तर काहीच फरक पडला नव्हता. स्वतःच्या कार्यशाळेबद्दल असं छापायला धाडस लागतं.

या पद्धतीत आता साधारण वीस मिनिटांची टेप ऐकून चक्क मोजणी करतात. प्रश्न किती विचारले आणि समोरच्याचं म्हणणं समजून घेऊन किती वेळा त्याच्यापुढे ठेवलं? ‘गुटी का देता?’ हा प्रश्न. ‘गुटीनं पोट साफ राहतं, असा तुमचा अनुभव आहे,’ हे ऐकून घेणं. एका प्रश्नामागे अशी दोन वाक्यं आली तर काम चांगलं मानतात. आपल्याकडे प्रश्नच जास्त, आणि त्यातही उलटतपासणीचा सूर.

अर्थात खेड्यातल्या घरात टेप लावणं सोपं नाही. घरच्यांची परवानगी हवी, शिवाय खोलीत शेजारणी असतात, रेडिओ असतो. आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक शेजारी येऊन बसल्या की आशाताई सावरून बोलतात आणि आजीही. गुटी थांबली की नाही यावर गुण देणं तर सरळ अन्याय आहे, कारण त्या निर्णयात सासू, नवरा, जाऊ आणि बाळाचं फुगलेलं पोट असे अनेक जण सामील असतात.

म्हणून मी लक्ष ठेवीन ते आजीच्या वाक्यांवर. सुरुवातीला त्या म्हणाल्या, ‘आमची पोरं नाही का जगली?’ आणि दहा मिनिटांनी विचारलं, ‘मग पोट फुगलं तर काय करायचं?’ सहाणेवरची गुटी अजून तशीच असली, तरी त्या आशाताईंना मी पास करीन.