उघडलेल्या पॅराशूटखालचा धोका

स्कायडायव्हिंगचं नाव काढलं की पहिला प्रश्न ठरलेला: पॅराशूट उघडलंच नाही तर? नव्याने उडी शिकणाऱ्याच्या मनात तो असतोच, आणि घरचे तर दुसरं काही विचारतच नाहीत. पण आज या खेळात जीव जातात किंवा हाडं मोडतात, त्यांतल्या कितीतरी अपघातांत पॅराशूट व्यवस्थित उघडलेलं असतं. ते फाटलेलं नसतं, दोऱ्याही गुंतलेल्या नसतात. माणूस चार किलोमीटर सुखरूप खाली येतो आणि शेवटच्या पन्नास मीटरमध्ये चुकतो.

आधी आकडे पाहू. युनायटेड स्टेट्स पॅराशूट असोसिएशन ही अमेरिकेतली संघटना अपघातांची वर्षवार नोंद ठेवते. 1970च्या दशकात तिथे वर्षाला सरासरी चाळीसहून अधिक स्कायडायव्हर मरत. 2024 मध्ये सुमारे 38 लाख 80 हजार उड्या झाल्या आणि 9 जण दगावले. मधल्या काळात माणसं काही जास्त शहाणी झाली नाहीत, साधनं झाली.

पाठीवरच्या संचाला रिग म्हणतात. त्यात दोन पॅराशूट असतात, नेहमीचं ‘मेन’ आणि राखीव ‘रिझर्व्ह’. मेन बिघडलं तर ते आधी अंगापासून सुटं करावं लागतं, नाहीतर रिझर्व्ह त्याच्यातच अडकतं. पूर्वी हे सुटं करणं फार किचकट होतं. 1970च्या दशकात बिल बूथ या अमेरिकी स्कायडायव्हरने तीन कड्यांची युक्ती काढली. मोठ्या कडीतून मधली, मधलीतून लहान, आणि लहान कडीला अडवणारा दोरीचा एक बारीकसा फासा. प्रत्येक कडी तरफेसारखी काम करते. त्यामुळे वर माणसाचा सगळा भार असला तरी फाशापर्यंत त्याचा अगदी थोडा अंश पोचतो. उजव्या बाजूची मूठ ओढली की फाशातली केबल सरकते आणि दोन्ही खांद्यांवरचं पॅराशूट एकदम निघून जातं. मग डाव्या बाजूची मूठ, म्हणजे रिझर्व्ह. बहुतेक रिगमध्ये याच्या जोडीला आरएसएल नावाचा पट्टाही असतो. सुटलेलं मेन जाता जाता त्या पट्ट्याने रिझर्व्ह बंद ठेवणारी पिन ओढून नेतं. नवशिक्याच्या रिगला तो असावाच.

दुसरं मोठं साधन म्हणजे एएडी, आपोआप रिझर्व्ह उघडणारं यंत्र. जर्मनीत बनलेलं ‘सायप्रेस’ 1991 मध्ये बाजारात आलं आणि खेळाचं चित्र पालटलं. डबीएवढं हे यंत्र हवेचा दाब सतत मोजून उंची आणि वेग काढत राहतं. अनुभवी लोकांसाठीच्या प्रकारात सुमारे 750 फुटांवरही वेग सेकंदाला 35 मीटरहून जास्त असेल, तर ते रिझर्व्ह मिटून ठेवणारी दोरी आतल्या आत कापतं. माणूस बेशुद्ध असला किंवा उंचीचं भान हरपून बसला, तरी त्याची ही शेवटची संधी. पण शेवटची म्हणजे किती शेवटची, याचा हिशेब करून पाहावा. पूर्ण वेगाने पडताना 750 फूट म्हणजे जेमतेम चार सेकंद.

पोटावर आडवं पडणाऱ्या माणसाचा वेग वाढत वाढत ताशी 190 ते 200 किलोमीटरपर्यंत जातो आणि तिथे थांबतो, कारण हवेचा अवरोध आणि वजन यांची बरोबरी होते. ही बरोबरी व्हायला दहा-बारा सेकंद लागतात. त्यानंतर वेग वाढत नाही, म्हणून ‘पडतोय’ असं वाटतही नाही. नुसता वाऱ्याचा प्रचंड रेटा जाणवतो. पाळण्यात पोटात खड्डा पडतो तसा इथे सहसा पडत नाही, कारण विमानाचा वेग अंगात असतोच आणि हवा पहिल्या क्षणापासून धरून ठेवते.

अडचण इथेच आहे. हजारभर मीटर उंचीवरून जमीन जवळ येताना दिसतच नाही. डोळ्याला अंतर कळतं ते वस्तूंच्या वाढत्या आकारावरून आणि त्यांच्या एकमेकींसापेक्ष सरकण्यावरून. वरून शेतांचे तुकडे एखाद्या नकाशासारखे स्थिर दिसतात. जमीन अंगावर येते आहे असं वाटायला लागतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. काळाची जाणीवही भरवशाची नाही. डेव्हिड ईगलमन या मेंदूशास्त्रज्ञाने 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात लोकांना 31 मीटर उंच मनोऱ्यावरून पाठीवर जाळ्यात पाडलं. स्वतःचं पडणं किती वेळ चाललं याचा त्यांचा अंदाज, दुसऱ्याचं पडणं पाहून केलेल्या अंदाजापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने जास्त निघाला. मात्र त्या क्षणांत त्यांना जास्त वेगाने काही दिसत होतं का, तर नाही. म्हणजे आठवणीत वेळ ताणला जातो, प्रत्यक्ष हातात तेवढाच असतो. म्हणून मनगटावरचा अल्टिमीटर, म्हणजे उंची दाखवणारं घड्याळ. पाच-सहा सेकंदांत एक हजार फूट जातात, तर त्याच्याकडे किती वेळा पाहायचं हे ज्याचं त्याने ठरवावं.

साधारण 13 हजार फुटांवरून उडी घेतली आणि पाच-साडेपाच हजारांवर पॅराशूट उघडायचं ठरवलं, तर मध्ये पाऊण मिनिट मिळतं. शिकाऊ टप्पा संपून पहिला, म्हणजे ‘ए’ परवाना मिळाला की अमेरिकी नियमांत पॅराशूट 3,000 फुटांच्या वर उघडायला घ्यावं लागतं. शिवाय 2,500 फुटांना ‘निर्णयाची उंची’ म्हणतात. तिथपर्यंत पॅराशूट चौकोनी, स्थिर आणि ऐकणारं नसेल तर आणखी खटपट करायची नाही, सोडून द्यायचं आणि रिझर्व्ह उघडायचं. ही रेषा आधीच आखून ठेवण्यामागे कारण आहे. थोडंसं बिघडलेलं पॅराशूट पूर्ण बिघडलेल्यापेक्षा वाईट. पूर्ण बिघडलेलं दिसताच हात आपोआप मुठीकडे जातो. थोडं बिघडलेलं ‘आता सुटेल, आता सुटेल’ म्हणत माणसाला गुंतवून ठेवतं आणि तेवढ्यात गोल गोल फिरत हजार फूट खाऊन टाकतं.

इथपर्यंतचं सगळं शिकवलं जातं आणि लोक मन लावून शिकतातही. नंतरच्या भागाकडे मात्र दुर्लक्ष होतं.

बूथने गमतीत एक नियम सांगितला होता: साधनं जितकी सुरक्षित होतील, तितके जास्त धोके स्कायडायव्हर पत्करतील, म्हणजे मृत्युदर होता तिथेच राहील. वरचे आकडे पाहिले तर बूथ अर्धा खोटा ठरला, दर घटला आहे. पण धोका सरकला कुठे, हे त्याने बरोबर ओळखलं. सायप्रेसचीच गोष्ट घ्या. शिकाऊंसाठीच्या प्रकारात सेकंदाला 13 मीटर वेग पुरतो. लहान, चपळ पॅराशूटने जोराची गिरकी घेतली तर ते सहज तेवढ्या वेगाने खाली येतं, म्हणून अनुभवींसाठी 35. पुढे काही जण जमिनीलगत एवढ्या जोरात वळू लागले की उघडलेल्या पॅराशूटखालीच 35 ओलांडलं जाऊ लागलं, आणि कंपनीला 43 मीटरवर चालणारा आणखी एक प्रकार काढावा लागला. ताशी दीडशे किलोमीटरहून जास्त वेग, तोही पॅराशूट पूर्ण उघडलेलं असताना!

नवशिक्याने हे करू नये हे सांगायला नको. पण त्याच्या वाटेतला सापळा जास्त साधा आहे. पन्नासेक उड्या झालेल्या असतात, उतरणं जमू लागलेलं असतं, आणि कुणीतरी लहान पॅराशूट स्वस्तात विकायला काढतं. लहान रिग दिसते छान, पाठीला हलकी लागते. आता हिशेब करू. रिगसकट वजन 92 किलो, म्हणजे सुमारे 203 पौंड. 210 चौरस फुटांच्या पॅराशूटवर दर चौरस फुटाला एक पौंडाहून थोडा कमी भार पडतो. 150 चौरस फुटांवर तोच भार 1.35 पौंड होतो, म्हणजे 40 टक्के जास्त. पंखाचा वेग भाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, तेव्हा वेग वाढला 18 टक्के. फार नाही वाटत. पण धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणजे ती पुन्हा 40 टक्के. हाडांना वर्गमूळ कळत नाही. त्यात लहान पॅराशूटच्या दोऱ्या आखूड असतात, त्यामुळे ते त्याच ओढीला जास्त झपकन वळतं. उन्हाळ्यातल्या दुपारी किंवा उंच पठारावर हवा विरळ असते, तिथे हेच पॅराशूट आणखी वेगाने येतं.

वळणं हा खरा घातक प्रकार. आजचं पॅराशूट म्हणजे हवेने फुगलेला पंख. दोन हातांत दोन टॉगल, म्हणजे पंख वळवायच्या दोऱ्यांच्या पकडी, असतात आणि एक ओढला की पंखाची ती बाजू मागे राहते. पंख कलतो, तसा त्याचा उचल, म्हणजे वजन पेलणारं हवेचं बल, तोही कलतो, आणि खाली लटकलेला माणूस बाहेरच्या बाजूला फेकला जातो. वजन पेलायला उभा उचल कमी पडतो आणि पंख नाक खाली घालून सूर मारतो. टॉगल सोडला तरी माणूस पुन्हा पंखाखाली येऊन वेग कमी व्हायला काही क्षण लागतात. हजार फुटांवर याने काही बिघडत नाही. शंभर फुटांवर तेवढी उंचीच नसते. बहुधा घडतं असं: समोर अचानक झाड, कुंपण किंवा दुसरा उतरणारा माणूस दिसतो, हात दचकून एक टॉगल खाली खेचतो आणि पंखाने सूर मारलेला असतानाच जमीन येते.

म्हणून उतरण्याचा पहिला नियम वाऱ्याकडे तोंड करणं हा नाही. पंख समतल ठेवणं, समोर मोकळी जागा असणं आणि शेवटी दोन्ही टॉगल सारखे ओढून वेग मारणं, हे आधी. वाऱ्याची दिशा चुकली तर चुकू द्या. वारा पाठीवर घेऊन समतल पंखाने उतरलात, पाय जुळवून कोलांटी मारलीत, तर गुडघे खरचटतील आणि ड्रॉपझोनवर, म्हणजे उतरण्याच्या मैदानावर, चार लोक हसतील. दिशा सुधारायला खाली येऊन वळलात तर कुणीच हसणार नाही. वळणं भागच असेल तर दोन्ही टॉगल अर्धे ओढून धरायचे आणि त्यातला एक किंचित सोडायचा, म्हणजे पंख फार न कलता वळतो. हे सावकाश वळण वर, 2,000 फुटांच्या आसपास, उघडलेल्या पॅराशूटखाली निवांत घोटता येतं. पण फार थोडे लोक तो वेळ त्यासाठी वापरतात, बाकीचे दृश्य बघतात.

आता धीराबद्दल. सेमूर एपस्टाइन आणि वॉल्टर फेन्झ या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1960च्या दशकात उडी घेणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके, श्वास आणि त्वचेची विद्युतवाहकता विमान वर चढत असताना मोजली. नवख्यांचा आलेख दाराशी पोचेपर्यंत चढतच गेला. अनुभवींचा आलेखही चढला, पण आधीच कळस गाठून उडीच्या क्षणापर्यंत बराच खाली उतरला. म्हणजे भीती त्यांनाही होती, ती लवकर येऊन गेली. पुढे 1972 मध्ये फेन्झ आणि एका सहकाऱ्याने उड्यांची संख्या बाजूला ठेवून कौशल्य पाहिलं, तेव्हाही तोच फरक सापडला. चांगली उडी घेणाऱ्यांचा आलेख वेळेत उतरत होता, कच्च्यांचा चढत राहत होता. माझ्या मते ‘भीती वाटत नाही’ असं म्हणणाऱ्या नवख्यापेक्षा धावपट्टीवरच पोटात गोळा येणारा नवखा बरा. तो तपासणी मन लावून करतो.

आणि तपासणी कंटाळवाणी असली तरी तिथेच बरंच काही ठरतं. रिग अंगावर चढवण्याआधी, विमानात बसण्याआधी आणि दार उघडण्याआधी, अशी तीनदा ती करायची. छातीचा पट्टा कडीतून उलटा ओवलेला नाही ना? मुठी जागेवर आहेत का, आणि हाताला लागतात का? पाठीमागची पिन आपल्याला दिसत नाही, ती दुसऱ्याने पाहायची. मेन मिटून धरणारी दोरी काही रुपयांची असते. ती झिजून उघड्या दाराशी तुटली, तर बाहेर उडालेलं पॅराशूट माणसाला विमानाच्या शेपटीवर नेऊन आपटू शकतं. अंगावरच्या कपड्यांचाही इथे संबंध येतो, कारण मुठीवर कापड आलं की ती हाताला सापडत नाही. पुण्याच्या पद्मश्री शीतल महाजन यांनी 2018 मध्ये थायलंडमधल्या पट्टायाला नऊवारी नेसून उडी घेतली तेव्हा आधी लुगडं आणि त्याच्यावर रिग असा क्रम होता. फोटोत लुगडं उठून दिसतं, पण स्कायडायव्हरची नजर आधी पट्टे आणि मुठींवर जाईल.

सरावाला खंड पडला की काय करावं, याचीही अमेरिकी संघटनेने शिफारस करून ठेवली आहे. ‘ए’ परवानाधारकाने 60 दिवसांत उडी घेतली नसेल, तर पुढची उडी प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली घ्यावी. भारतातल्यांना हे जड जातं. इथे उडीची ठिकाणं मोजकी, हरियाणातलं नारनौल हे त्यांतलं एक, आणि बाकीचे सुट्टी काढून परदेशी जातात. मग वर्षभराने विमानात बसताना मागच्या वर्षीच्या उड्या डोक्यात स्पष्ट असतात, हात मात्र विसरलेले असतात. त्यावर उपाय जमिनीवरच होतो. छताला टांगलेल्या हार्नेसमध्ये, म्हणजे रिगसारख्या पट्ट्यांत, लोंबकळायचं आणि उजवी मूठ पाहा, धरा, ओढा, मग डावी पाहा, धरा, ओढा, हे प्रशिक्षक पुरे म्हणेपर्यंत करायचं.