कोलंबसच्या खाली उभं राहणाऱ्याचं काम

नवरात्रातली संध्याकाळ, चतुःशृंगीचा पायथा. दर्शन झालं होतं, ओटी भरून झाली होती आणि पोरांच्या दृष्टीने खरी जत्रा आता कुठे सुरू होत होती. थोरला आठ वर्षांचा. त्याने लांबूनच कोलंबस हेरला होता. तीच ती मोठी नाव, दोन्ही टोकांना माणसं कोंबलेली, लंबकासारखी वरखाली झुलणारी. धाकटी पाच वर्षांची. तिनेही कोलंबस पाहिला आणि माझ्या ओढणीचं टोक मुठीत आवळलं.

"मी नाही बसणार."

मागे उभ्या असलेल्या एक काकू लगेच म्हणाल्या, "अगं, काही होत नाही त्याला! उचलून बसवा हो, एकदा बसली की भीती जाते." अनोळखी माणसांच्या मुलांबद्दल आपल्याकडे सगळ्यांनाच सगळं माहीत असतं.

नवरा म्हणाला, "मी याला घेऊन जातो, तू हिच्यापाशी थांब. आलो की तू जा." लहान मुलं असलेल्या जवळपास प्रत्येक घराने कधी ना कधी हा तोडगा काढलेला असतो. परदेशातल्या मोठ्या पार्कांनी तर त्याला रीतसर नावंच दिली आहेत. डिस्नेच्या पार्कांत 'रायडर स्विच', युनिव्हर्सलमध्ये 'चाइल्ड स्वॅप'. एक पालक राइडवर जातो, दुसरा मुलाजवळ थांबतो. मग अदलाबदल, आणि दुसऱ्याला रांगेत पुन्हा पहिल्यापासून उभं राहावं लागत नाही. आपल्या जत्रेत रांग नसतेच, गर्दी असते, त्यामुळे तो प्रश्न येत नाही.

पूर्वी मला वाटायचं, खाली थांबणाऱ्याच्या वाट्याला हमाली येते. पर्स, पाण्याची बाटली, दोघांच्या चपला आणि एक रडवेलं मूल सांभाळायचं. आता वाटतं, मुख्य काम त्याचंच.

नाव हलायला लागली तेव्हा मी धाकटीकडे पाहिलं. ती नुसती नावेकडे बघत नव्हती. एक नजर नावेवर, की लगेच एक माझ्या तोंडावर. पुन्हा नाव, पुन्हा माझं तोंड. मानसशास्त्रज्ञांनी याचा नीट अभ्यास केला आहे. १९६० च्या सुमारास एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक यांनी रांगत्या बाळांसाठी काचेचं एक टेबल बनवलं. अर्ध्या भागात काचेला लागूनच चौकड्यांचं कापड, उरलेल्या अर्ध्यात तेच कापड खाली जमिनीवर. काच सलग आणि भक्कम, पण मध्येच खोल कडा असल्यासारखं दिसायचं. बहुतेक बाळं त्या कड्याशी थबकायची. पुढे १९८५ मध्ये जेम्स सॉर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच कडा कमी उंचीचा केला, म्हणजे धड भीतिदायकही नाही आणि धड निर्धोकही वाटत नाही असा. पलीकडच्या टोकाला आई उभी. बाळ वर्षाचं. आईने बोलायचं नाही, फक्त चेहऱ्यावर ठरलेला भाव ठेवायचा. आईचा चेहरा आनंदी होता तेव्हा १९ पैकी १४ बाळं कडा ओलांडून गेली. चेहऱ्यावर भीती होती तेव्हा १७ पैकी एकही गेलं नाही.

काच तीच, कडाही तोच. नुसत्या चेहऱ्याने एवढा फरक पडला. ज्या गोष्टीबद्दल आपलं आपल्याला ठरवता येत नाही, तिच्याबद्दल मूल भरवशाच्या माणसाच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधतं. पाच वर्षांच्या मुलीला कोलंबस म्हणजे तसाच एक कडा. ती मला विचारत होती, तोंडाने नव्हे तर डोळ्यांनी.

गंमत अशी, की वर बसलेल्या माणसाचा चेहरा इथे कुचकामी ठरतो. नाव टोकाला गेली की सगळेच किंचाळतात, डोळे मिटलेले, तोंड वासलेलं. त्यातला मजेत कोण आणि घाबरलेला कोण? हिलेल अवीझर यांच्या गटाने २०१२ मध्ये टेनिसपटूंचे फोटो लोकांना दाखवले होते, काही पॉइंट जिंकल्याच्या क्षणाचे, काही हरल्याच्या. नुसता चेहरा कापून दाखवला तर हा जिंकला की हरला हे लोकांना सांगता येईना. अंगासकट दाखवला की यायचं. भावना टोकाची असली की चेहरे एकसारखे दिसू लागतात आणि खरी बातमी हातांतून, खांद्यांतून कळते. म्हणून वर जाणाऱ्याला मी सांगून ठेवते, किंचाळ हवा तेवढा, पण दोनदा तरी हात हलव. आणि खाली थांबणाऱ्याने दुभाष्याचं काम करायचं: "बघ, बाबा ओरडतोय ना, ते मजेने. हात बघ त्याचा."

आता त्या नावेत होतं काय, तेही पाहू. कारण 'काही होत नाही' हे काकूंचं म्हणणं साफ खोटं आहे. बरंच काही होतं.

कोलंबस म्हणजे मोठा लंबक. समजा तो दोन्ही बाजूंना साठ अंशांपर्यंत जातो. हिशेब सोपा आहे: अगदी तळातून जाताना बसणाऱ्याला आपलं वजन दुप्पट झाल्यासारखं वाटतं. १८ किलोची माझी मुलगी तळाशी ३६ किलोंची. मग नाव वर जाते, टोकाला क्षणभर थबकते, आणि तिथे मधल्या बाकावरच्या माणसाला वजन निम्मं झाल्यासारखं वाटतं, म्हणजे ९ किलो. पण शेवटच्या बाकावरचा माणूस मधल्यापेक्षा आणखी वीस-पंचवीस अंश वर चढलेला असतो. त्याच क्षणी त्याचं वजन जवळजवळ नाहीसं होतं, बाकाला अंग टेकल्याचंही जाणवत नाही. नाव एकच, तिकीट एकच, आणि दोन बाकांवर दोन वेगळे अनुभव. कॉलेजची पोरं धक्काबुक्की करून टोकाचे बाक का पकडतात, ते यात आलं. आणि पहिल्यांदाच बसणाऱ्याला मधोमध बसवायचं, तेही यात आलं.

वजन गेलं हे शरीराला कळतं कसं? आपल्या आतल्या कानात जेलीसारख्या पदार्थाचा एक थर असतो, त्यावर कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण बसलेले असतात. खरवसाच्या वडीवर वेलचीची पूड पेरावी तसे, फक्त जड. डोकं कललं किंवा झटका बसला की हे कण सरकतात, खालच्या थराला ओढतात, आणि त्या थरात रुतलेले पेशींचे केस वाकतात. मेंदूला खबर जाते. वजन अचानक गेलं की या कणांचा दाबही जातो, आणि मेंदूच्या हिशेबात याचा अर्थ एकच: आपण पडतो आहोत. शिवाय आतडी पोटात पातळ पडद्याने लटकलेली असतात, दोरीवर वाळत घातलेल्या ओल्या कपड्यांसारखी. पडताना ती ओढ सुटते. 'पोटात गोळा येणं' म्हणतात ते हेच, आणि मराठीने त्याला भीतीचाही अर्थ दिला आहे. मोठ्यांना हा गोळा ओळखीचा असतो, तो येतो आणि जातो हे अनुभवाने माहीत असतं. पाच वर्षांच्या मुलाकडे अनुभवाची ही शिदोरी नसते. पोटात गोळा आला म्हणजे काहीतरी भयंकर झालं, असं त्याला वाटलं तर चूक काय?

मोठ्या राइडच्या तोंडाशी उंचीची पट्टी असते, ती काही पालकांना अपमान वाटते. बऱ्याच ठिकाणी १२० सेंटीमीटरची रेघ असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात पाच वर्षांच्या मुलाची मधली उंची ११० सेंटीमीटर आहे. त्या दहा सेंटीमीटरांचा संबंध धाडसाशी नाही. मांडीवरचा दांडा आणि खांद्यावरचा पट्टा ठरावीक मापाच्या अंगाला धरून ठेवायला बनवलेले असतात; छोटं मूल त्यातून निसटू शकतं. त्यात लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं. जन्मतः लांबीच्या चौथा हिस्सा, मोठेपणी आठवा. त्या डोक्याखालची मान बारीक. पट्टीवाल्याशी हुज्जत घालणाऱ्या, मुलाला टाचा उंचवायला सांगणाऱ्या बापांना हे कुणीतरी सांगायला हवं.

आता काकूंच्या सल्ल्याबद्दल. आम्ही तो एकदा पाळला आहे.

तीन वर्षांपूर्वी थोरला पाच वर्षांचा होता. शहराबाहेरच्या एका पार्कात आम्ही त्याला, तो नको नको म्हणत असताना, दोघांच्या मध्ये बसवलं. उंचीच्या नियमात तो बसत होता. दुसऱ्याच झोक्याला त्याने भोकाड पसरलं. मी हात करून करून राइडवाल्याला थांबवायला सांगितलं. त्याने मान हलवली आणि राइड पूर्ण होऊ दिली. उतरल्यावर पोर थरथरत होतं. पुढे कित्येक महिने तो संभाजी बागेतल्या साध्या झोपाळ्यावरही बसला नाही. राइडवाल्याचा राग येतो अजून, पण बसवलं तर आम्हीच होतं.

नेमकं काय बिघडलं, ते मला मेगन गनर यांच्या १९७८ च्या प्रयोगाबद्दल वाचताना कळलं. झांजा वाजवणारं एक खेळण्यातलं माकड, आणि समोर वर्षाची बाळं. काही बाळांच्या हातात माकड चालू करायची सोय होती, बाकीच्यांपुढे ते आपोआप वाजायचं. माकड तेच, आवाज तोच. ते आपोआप वाजलं की मुलगे घाबरायचे. स्वतः चालू करता आलं तर तेच माकड त्यांना आवडायचं. मुलींमध्ये मात्र हा फरक तितका स्पष्ट दिसला नाही. आमच्या पोराच्या हातात काहीच नव्हतं. बसायचं की नाही, थांबायचं की नाही, यातलं एकही बटण त्याचं नव्हतं.

मग त्याला परत आणलं कसं? न ठरवता, पण साधारण शंभर वर्षांपूर्वीच्या एका पद्धतीने. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी पीटर नावाच्या, तीन वर्षांना जेमतेम दोन महिने कमी असलेल्या मुलाची सशाची भीती घालवल्याचं लिहिलं. ससा पिंजऱ्यात, खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि पीटरसमोर आवडीचा खाऊ. मग पिंजरा थोडा जवळ, मग आणखी जवळ. न घाबरणारी इतर मुलंही खोलीत आणली जायची. शेवटी ससा पीटरची बोटं कुरतडायचा आणि पीटर बसून राहायचा. मधल्या काळात मात्र एक घोळ झाला. पीटर तापाने रुग्णालयात होता. तिथून निघताना एक मोठा कुत्रा त्याच्या अंगावर आला आणि सशाची भीती पुन्हा पहिल्यासारखी झाली. जोन्सबाईंनी पुन्हा लांबून सुरुवात केली.

आमचा पिंजरा म्हणजे पेशवे पार्कातली फुलराणी. १९५६ पासून पुण्याची पोरं जिच्यात बसत आली ती छोटी गाडी. आधी ती नुसती बघायची, मग बसायचं. मग बागेतला झोपाळा, पाय जमिनीला टेकतील इतकाच. मग जत्रेतला हाताने फिरवायचा छोटा पाळणा, जिथे "दादा, थांबवा" म्हटलं की पाळणेवाला खरंच थांबवतो. या शेवटच्या गोष्टीचा उपयोग सगळ्यात जास्त झाला असं माझं मत. प्रत्येक पायरीला आधी आम्हा दोघांपैकी एक जण जाऊन यायचा. नुसतं जाणं दिसून भागत नाही. जाणं, ओरडणं, परत येणं आणि पुन्हा भेळ खाऊ लागणं, हा सगळा फेरा मुलाला दिसायला हवा. अल्बर्ट बांडुरा यांच्या गटाने १९६७ मध्ये कुत्र्याला घाबरणाऱ्या छोट्या मुलांना असंच काहीसं दाखवलं होतं. त्यांच्याच वयाचं एक निर्भय मूल कुत्र्याशी खेळतंय, दर खेपेला थोडं अधिक धीटपणे. अशा आठ छोट्या बैठका. नंतर ती मुलं कुत्र्याजवळ जाऊ लागली, आणि महिन्याभराने पाहिलं तेव्हाही हा बदल टिकला होता.

सगळ्या मुलांचं असं होत नाही, तेही खरं. जेरोम केगन यांनी चार महिन्यांची बाळं तपासली तेव्हा साधारण पाचातलं एक नव्या आवाजाने, नव्या वस्तूने जोरात हातपाय झाडायचं, रडायचं. अशी बाळं पुढे जरा बिचकणारी, थांबून बघणारी मुलं होण्याची शक्यता जास्त. 'भित्रं आहे हो आमचं' हे पाहुण्यांसमोर म्हणायचं बंद केलं तरी पुष्कळ. आणि मळमळ ही वेगळी गोष्ट, तिचा धाडसाशी संबंध नाही. दोन वर्षांखालच्या मुलांना गाडी सहसा लागत नाही, शाळकरी वयात जास्त लागते. वडापाव राइडनंतर.

त्या संध्याकाळी बापलेक खाली आले, केस उभे, थोरला बडबडत. मग माझी पाळी. मी टोकाच्या बाकावर बसले, हट्टाने. वरून धाकटी दिसत होती, बाबाच्या खांद्यावर. मी हात हलवला. तिने हलवला नाही, पण तिचं बोट माझ्याबरोबर वरखाली होत होतं. नवऱ्याने नंतर सांगितलं, ती त्याला आधीच सांगत होती: "आता आई वर जाणार. आता खाली. आता ओरडणार." आणि मी ओरडतही होते.

त्या दिवशी ती कोलंबसमध्ये बसली नाही. हाताच्या पाळण्यात चार वेळा बसली, त्यातला एकदा मध्येच थांबवायला लावला, बहुधा नुसतं बघायला, की थांबतो का. सेनापती बापट रस्त्यावर रिक्षा मिळेपर्यंत ती गप्प होती. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "पुढच्या वर्षी मी बसणार. मधल्या बाकावर. बाबाबरोबर."

"आणि मी?"

"तू खाली थांब. मला तू दिसली पाहिजेस."