चित्रपटप्रकार आणि प्रेक्षकाची अपेक्षा

कथाविषय, मांडणी, पात्रांचे साचे आणि अपेक्षित परिणाम यांत साम्य असलेल्या चित्रपटांचा गट म्हणजे चित्रपटप्रकार. बोलण्यात त्याला सर्रास ‘जॉनर’ म्हणतात. संतपट, तमाशापट, गुन्हेगारीपट, भयपट ही त्याची मराठी प्रेक्षकाच्या ओळखीची उदाहरणे. पोस्टर पाहूनच प्रेक्षक मनाशी काही ठरवून तिकीट काढतो. ही पूर्वतयारी नवनिर्मितीला मारक ठरते असे पुष्कळदा म्हटले जाते. मुंबईतील चित्रपटांचा इतिहास मात्र वेगळे सांगतो.

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला. मूकपटात संवाद नसतात, पण हरिश्चंद्राची गोष्ट घरोघरी ठाऊक होती. पुढे काय होणार हे माहीत असल्यामुळे प्रेक्षकाचे सगळे लक्ष ते पडद्यावर कसे घडते याकडे राहिले. पुढे ‘लंकादहन’ (१९१७) आणि ‘कालिया मर्दन’ (१९१९) या चित्रपटांत फाळक्यांनी कॅमेऱ्याच्या करामतींवर भर दिला, तो याच भरवशावर. कथेचा ओळखीचेपणा त्यांच्या तांत्रिक धाडसाला आधार ठरला.

बोलपट आल्यावर प्रकार वाढले आणि काही घट्टही झाले. दादा कोंडके यांच्या ‘सोंगाड्या’नंतर (१९७१) ‘दादांचा पिक्चर’ हाच जणू स्वतंत्र प्रकार झाला. लोक कथा विचारत नसत, नाव पुरत असे. अशा यशातून नकला निपजतात आणि प्रकाराची बदनामी होते ती बहुधा या नकलांमुळे.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) या संदर्भात बारकाईने पाहण्याजोगा आहे. न्यायालयीन चित्रपट म्हटला की आवेशपूर्ण उलटतपासणी, ऐनवेळी हाती लागलेला पुरावा आणि शेवटी निकाल, हा क्रम प्रेक्षकाच्या अंगवळणी पडलेला असतो. ‘कोर्ट’मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयात एका लोकशाहिरावर खटला चालतो. त्याच्या गाण्यामुळे गटारसफाई करणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप आहे. सरकारी वकील कायद्याची कलमे एका सुरात वाचत जातात, तारखा पडत राहतात. बिनबाह्यांचा पोशाख घालून आलेल्या स्त्रीचे प्रकरण न्यायाधीश त्या दिवशी ऐकतच नाहीत. सरकारी वकील बाई लोकलने घरी जातात, स्वयंपाक करतात, कुटुंबासह मराठी नाटकाला जातात. न्यायदालनातले दिवे मालवले जातात, आता चित्रपट संपला असे वाटते. पण तो न्यायाधीशांच्या सुट्टीपर्यंत चालूच राहतो. ज्याने आधी एकही न्यायालयीन चित्रपट पाहिलेला नाही, त्याला ही रचना नुसती संथ वाटेल. पाहणाऱ्याने मनात धरलेल्या नाट्याशी ती ताडली जाते, म्हणूनच ती बोचते. व्हेनिस चित्रपट महोत्सवात या चित्रपटाला ओरिझोंती या नव्या प्रवाहांच्या विभागाचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार मिळाला.

नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ची (२०१६) वाट उलटी आहे. मध्यंतरापर्यंत तो प्रेमपटाचे सगळे वायदे पाळतो : गाणी, मित्रांची टोळी, विहिरीतल्या उड्या, घरच्यांचा विरोध. प्रेक्षक निर्धास्त होतो. उत्तरार्धात परक्या शहरातला रोजचा संसार येतो आणि अखेरच्या प्रसंगातून आवाजच काढून घेतला जातो. अजय-अतुल यांच्या संगीताने चित्रपटगृहात नाचणारे प्रेक्षक त्या शांततेसाठी तयार नसतात. पूर्वार्ध इतका मनापासून रंगवला नसता, तर तो शेवट वर्तमानपत्रातल्या बातमीएवढाच राहिला असता.

निर्माते आणि वितरक प्रकाराकडे विक्रीची सोय म्हणून पाहतात, कारण जाहिरात कोणासाठी करायची हे त्यावर ठरते. कोणत्याच खणात नीट न बसणारा चित्रपट इथे अडखळतो. राही अनिल बर्वे यांचा हिंदी ‘तुंबाड’ (२०१८) भयपट, लोककथा आणि लोभाची कहाणी यांचे मिश्रण आहे. पहिल्या प्रदर्शनात त्याला बेताचाच प्रतिसाद मिळाला. जून २०२४ मध्ये कोकणातील दंतकथेवरचा विनोदी भयपट ‘मुंज्या’ जोरात चालला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ‘तुंबाड’ पुन्हा लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा अधिक गल्ला जमवून गेला.